कमरेला पिस्तूल

दिवाळीच्या बाजारात फटाक्यांच्या गाड्यावर एका बाजूला पत्र्याची पिस्तुले टांगलेली असतात. आत लाल टिकल्यांची गुंडाळी घालायची, चाप ओढायचा, की फट् असा आवाज होतो आणि नाकाशी गंधकाचा वास येतो. या खेळात एक गोष्ट मी दरवर्षी पाहतो. मुलाच्या हाती फुलबाजी असली तर ते एका जागी उभे राहते. हाती पिस्तूल आले की ते चालू लागते. त्याला कोणीतरी हवे असते. पाच मिनिटांच्या आत त्याला शत्रू सापडतो, आणि तो बहुधा ओसरीवर वर्तमानपत्र वाचत बसलेला आजोबा असतो. आजोबा बिचारा छातीवर हात ठेवून कलंडतोही. शत्रू आला म्हणून पिस्तूल आणले, असे या खेळात सहसा घडत नाही. पिस्तूल आले, आता शत्रू आणला पाहिजे, असा त्याचा क्रम असतो.

मोठ्या माणसांचेही असेच होते काय, हा या लेखाचा विषय आहे. सणासुदीला हे काय काढलेत, असे काही वाचक म्हणतील. पण तीनच आठवड्यांपूर्वी आपण सर्वांनी दसऱ्याला शस्त्रांची पूजा केली आहे. आता शस्त्रे घरोघरी नसल्यामुळे आपण पूजेला पाना-पक्कड, विळी, स्कूटर, शिवणयंत्र, हिशेबाच्या वह्या असे काहीही मांडतो. पण ज्याच्या घरी खरोखरीची बंदूक असते तो त्या दिवशी ती पुसून पाटावर ठेवतो आणि तिला हळदकुंकू वाहतो. शेजारीपाजारीही त्या दिवशी तिच्याकडे आदराने पाहतात. एरवी ते कसे पाहतात, ते पुढे येईलच.

या प्रश्नाचा एक भाग सुटलेला आहे, तो आधी बाजूला काढून ठेवतो. जो आपल्या जिवावर उठला आहे त्याला अडवण्याचा, प्रसंगी मारण्याचाही हक्क माणसाला आहे काय? आपल्याकडे याचे उत्तर फार पूर्वीपासून होय असेच आहे. मनुस्मृतीने आततायी चालून आला तर तो गुरू असो, बालक असो, वृद्ध असो, विचार न करता त्याला मारावे असे सांगितले आहे. आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उगारून आलेला, धन, शेत व बायको हरण करणारा, असे आततायी परंपरेने सहा मानले. पुढे टीकाकारांनी गुरू आणि बालक या शब्दांवर बराच काथ्याकूट केला. गंमत अशी, की हाच आततायी शब्द गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या तोंडी येतो. कौरव आततायी आहेत हे त्याला मान्य आहे. आणि तरीही यांना मारून आपल्याला पापच लागेल, असे तो म्हणतो. शास्त्राने दिलेली मोकळीक त्याला पुरत नाही. श्रीकृष्णाने पुढे त्याची समजूत घातली हे खरे. पण त्यासाठी अठराव्या अध्यायापर्यंत बोलावे लागले, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

सरकारी कायदाही याच बाजूचा आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत ९६ ते १०६ ही कलमे खाजगी संरक्षणाच्या हक्काची होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तीत ती ३४ ते ४४ झाली. आकडे बदलले, तत्त्व तेच राहिले. मृत्यूची, जबर दुखापतीची, बलात्काराची, अपहरणाची रास्त भीती असेल तर हल्लेखोराचा जीव घेतला तरी तो गुन्हा नाही. मात्र सरकारी मदत मिळवायला वेळ असेल तर हा हक्क नाही, बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करण्याचा हक्क नाही, आणि भीतीचे कारण संपले की हक्कही संपला. माझे शिक्षण जेमतेम मॅट्रिकचे. कायद्याची भाषा मला दोनदा वाचावी लागते. त्या वाचनात ‘रास्त भीती’ या शब्दांशी मी अडखळलो. रास्त भावाच्या दुकानात निदान तराजू तरी असतो. भीती रास्त की बेरास्त, हे ज्या क्षणी ठरवायचे त्या क्षणी तराजू धरणारा हात भीतीचाच असतो.

या कलमांच्या शेवटी कायदा करणाऱ्याने एक उदाहरण दिले आहे. ते जुन्या संहितेत होते आणि नव्यातही आहे. एका माणसावर जमाव चालून आला आहे. जमाव त्याला ठार मारू पाहतो आहे. गोळी झाडल्यावाचून तो वाचत नाही. पण त्या जमावात लहान मुले मिसळलेली आहेत, आणि गोळी झाडली तर मुलांना लागण्याचा धोका आहे. कायदा म्हणतो, त्याने गोळी झाडली आणि मुलाला लागली, तरी त्याने गुन्हा केला नाही.

मी वर्गात रोज चाळीस मुलांपुढे उभा राहतो. हे उदाहरण वाचल्यावर काही दिवस ते माझ्या डोक्यातून गेले नाही. कायद्याचे म्हणणे मला पटते. त्या माणसाला फासावर द्या, असे मी म्हणणार नाही. पण तो सुटून घरी आल्यावर काय, याचे उत्तर संहितेत नाही, आणि ते तिचे कामही नव्हे. न्यायाधीश ‘निर्दोष’ म्हणाला की त्याची जबाबदारी संपते. माणूस मात्र त्यानंतर तीस वर्षे जगतो. गुन्हा नाही एवढे ठरल्याने त्या माणसाचा सगळा हिशेब मिटत नाही, आणि जो हिशेब उरतो त्यालाच आपण नीती म्हणतो.

हा झाला प्रसंगाचा विचार. पण पिस्तूल बाळगणे हा वेगळाच प्रश्न आहे, आणि दोन्ही आपण नेहमी एकात कालवतो. प्रसंग आयुष्यात एकदा येतो. पुष्कळांच्या आयुष्यात येतच नाही. पिस्तूल मात्र रोज कमरेला असते. लग्नात असते, बाजारात असते, भाऊबंदांच्या बांधावरच्या भांडणात असते, रात्री उशाशी असते. या उरलेल्या सगळ्या दिवसांचा जाब कोणी द्यायचा?

आपल्या देशात या प्रश्नाला राजकारणाचा एक जुना धागा आहे. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रांचा कायदा झाला. हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगता येईना, गोऱ्याला ती अट नव्हती. अपमान त्यात होता. अहिंसेचे व्रत घेतलेल्या गांधीजींनीसुद्धा एका सबंध राष्ट्राची शस्त्रे काढून घेणे हे इंग्रजांच्या काळ्या कृत्यांपैकी सर्वांत काळे मानले होते. १९३१ साली कराचीच्या काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. पुढे घटना तयार होत असताना, १९४८ च्या डिसेंबरात, मध्य प्रांत-वऱ्हाडातून गेलेले हरि विष्णु कामत यांनी हा हक्क घटनेत घालावा अशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की परक्याच्या राज्यात ही मागणी योग्यच होती. पण आता राज्य आपले आहे, सराईत गुन्हेगारालाही जो मिळेल असा हक्क देण्यात शहाणपण नाही, आणि स्वतंत्र देशात शस्त्र धरणे हा व्यक्तीचा हक्क म्हणून मागण्यापेक्षा तिचे कर्तव्य मानले पाहिजे. दुरुस्ती बारगळली. १९५९ चा कायदा झाला तो परवान्याचाच, आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतील असे ठरले. लग्नात हौसेखातर बार काढणे हाही त्या वर्षापासून गुन्हा झाला. वरातीत नाचणाऱ्याला गोळी लागून त्याच घरात सुतक आल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचल्याच आहेत.

म्हणजे आपल्याकडे पिस्तूल मागून मिळते. मागणाऱ्याची चौकशी होते, आणि ती चौकशी शेजाऱ्यांपर्यंत येते. अशीच एक चौकशी दोन वर्षांपूर्वी माझ्या दारात आली.

आमच्या आळीत एक अडत्या राहतो. त्याला सगळे अण्णा म्हणतात, मीही म्हणतो. साठीचा माणूस, पापभीरू, सुपारीच्या खांडाचेदेखील व्यसन नाही. आसपासच्या आठवडे बाजारांतून वसुली करून रात्री घरी येण्याचा त्याचा तीस वर्षांचा शिरस्ता. एका रात्री घाटाखालच्या वळणावर एक जण हात करून उभा होता. अण्णाने गाडी थांबवली. झाडाआडून आणखी दोघे आले. लोखंडी गज डोक्यात बसला, चौदा टाके पडले, पैशांची पिशवी गेली. महिनाभर तो दवाखान्यात होता. बरा झाल्यावर त्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे परवान्याचा अर्ज केला.

हवालदार माझ्याकडे आला तेव्हा मी पेपर तपासत होतो. माणूस कसा, दारू पितो का, घरात भांडणे आहेत का, पूर्वी कुणाशी हाणामारी झाली का, असे त्याने विचारले. मी जे खरे ते सांगितले, आणि ते सगळे अण्णाच्या बाजूचेच होते. जाताना चपला घालता घालता तो सहज म्हणाला, “तुमचं काय मत, गुरुजी? द्यावं का?”

हा प्रश्न त्याच्या कागदावर नव्हता. मी त्याला म्हटले, “माणूस चांगला आहे, एवढं मला ठाऊक आहे.” त्याने मान हलवली आणि तो गेला. प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला. माणूस चांगला आहे म्हणून द्यावे, की चांगला आहे म्हणूनच देऊ नये?

त्या संध्याकाळी मी अण्णाकडे गेलो. मला वाटले होते, आपण चार समजुतीच्या गोष्टी सांगू. त्याने मला बोलूच दिले नाही.

“मास्तर, तुम्ही पुस्तकातलं बोलणार. मला गज बसला तेव्हा पोलिस ठाणं अठरा किलोमीटरवर होतं. अठरा किलोमीटर. मी रक्तात पडून मोजत होतो.”

याला मी काय उत्तर देणार? राज्याने तुमचे शस्त्र काढून घेतले याचा अर्थ तुमच्या रक्षणाचा भार राज्याने उचलला असा होतो. आणि राज्य अठरा किलोमीटर दूर असेल तर तो करार एका बाजूने मोडला, असे कोणी म्हटले तर ते खोटे नव्हे. पोलिस आहेत ना, हे म्हणणे पोलिस चौकीसमोर राहणाऱ्याला सोपे आहे.

वहिनी चहा घेऊन आल्या. त्या म्हणाल्या, “भावजी, तुम्हीच सांगा यांना. घरात चार वर्षांचा नातू आहे. आणि एक सांगू का? पूर्वी हे रस्त्यात कुणी हात केला की गाडी थांबवायचे. म्हातारं माणूस असलं तर पार घरापर्यंत सोडायचे. आता कुणी आडवं पडलेलं दिसलं तरी थांबत नाहीत.”

मला वाटले, वहिनींनी माझेच म्हणणे मांडले. पण अण्णाने कप खाली ठेवला आणि म्हणाला, “म्हणून तर पाहिजे मला ते. जवळ असलं तर परत थांबवीन गाडी. नसलं तर या जन्मात थांबवणार नाही.”

या उत्तराने माझी फार पंचाईत केली. शस्त्राची भलामण मी पुष्कळ ऐकली आहे. जरब बसते, चोर घाबरतो, इभ्रत वाढते, ही त्यातली नेहमीची कारणे; त्यांना उत्तर देणे अवघड नाही. पण दयेसाठी पिस्तूल मागणारा माणूस मला पहिल्यानेच भेटला. भित्रा माणूस परोपकार करू शकत नाही, हे तर खरेच. ज्याला भीती वाटत नाही त्यालाच परक्यासाठी थांबता येते. मग ती भीती घालवणारी वस्तू वाईट कशी म्हणावी?

याचे उत्तर शोधताना मला एका परक्या माणसाची गोष्ट उपयोगी पडली. तिला अण्णाच्या गोष्टीशी चमत्कारिक साम्य आहे. न्यूयॉर्क शहरात बर्नार्ड गोट्झ नावाचा एक मनुष्य होता. १९८१ साली त्याला भुयारी रेल्वेच्या स्थानकात लुटारूंनी मारहाण केली. त्याने पिस्तुलाचा परवाना मागितला. त्या शहराच्या कडक कायद्यामुळे तो नाकारला गेला. त्याने दुसरीकडून रिव्हॉल्व्हर मिळवले आणि परवान्यावाचून तो ते बाळगू लागला. २२ डिसेंबर १९८४ या दिवशी भुयारी रेल्वेत चार कृष्णवर्णीय पोरे त्याच्याभोवती आली आणि त्यांतल्या एकाने पाच डॉलर मागितले. गोट्झने रिव्हॉल्व्हर काढून पाच गोळ्या झाडल्या. चौघेही जखमी झाले; त्यांतला एक कमरेपासून खाली कायमचा लुळा झाला. शहराने आधी त्याला डोक्यावर घेतले. पुढे त्याचा जबाब बाहेर आला, त्यात आणखी गोळ्या असत्या तर आणखी झाडल्या असत्या, असे तो बोलून गेला होता. १९८७ साली ज्यूरीने त्याला खुनाच्या प्रयत्नातून सोडले. दोषी ठरवले ते फक्त बिनपरवाना शस्त्र बाळगण्याबद्दल. १९९६ साली दुसऱ्या ज्यूरीने त्या लुळ्या झालेल्या तरुणाला चार कोटी तीस लाख डॉलर भरपाई द्यावी असे सांगितले. एकच कृत्य, एकाच शहरातले लोक, दोन निकाल.

ती पोरे त्याला लुटणार होती की नुसते पैसे मागत होती, यावर अजून वाद आहे. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो मधला काळ, १९८१ ते १९८४. या काळात गोट्झ रोज रेल्वेत बसत असेल, आणि डब्यात शिरणाऱ्या प्रत्येक पोराकडे पाहत असेल. जुना मार त्याच्या अंगात होता आणि नवे शस्त्र खिशात. शस्त्राने भीती गेली असती तर त्या दिवशी पाच डॉलर मागणाऱ्याला तो नाही म्हणून पुढच्या स्थानकावर उतरला असता. भीती गेली नव्हतीच. तिला फक्त हात फुटले होते.

ज्या कायद्याने गोट्झला परवाना नाकारला त्यातली मुख्य अट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली रद्द केली. घराबाहेर पिस्तूल बाळगणे हा तिथे आता घटनेने दिलेला हक्क आहे. टेक्सास राज्यात तर २०२१ च्या सप्टेंबरपासून त्यासाठी परवानाही लागत नाही. माझा एक जुना विद्यार्थी त्या राज्यात नोकरीला आहे. मागे सुट्टीवर आला होता तेव्हा म्हणाला, “सर, तिकडे मी कुणाला हॉर्न वाजवत नाही. समोरच्याच्या गाडीत काय असेल सांगता येत नाही.” ही सभ्यता म्हणावी की काय म्हणावी? त्या देशात २०२१ साली बंदुकीने सुमारे ४८,८०० माणसे मेली. त्यांतली २६,००० हून अधिक स्वतःच्या हाताने मेली. परक्या चोरासाठी घरात आणलेले शस्त्र एखाद्या उदास रात्री घरच्याच माणसाच्या हाती लागते. चोराला यायला वेळ लागतो. उदासपणा आधीच घरात असतो.

कोणी म्हणेल, पुरुषांचे सोडा, एकट्यादुकट्या बाईने काय करावे? प्रश्न खरा आहे. दिल्लीच्या त्या भयंकर घटनेनंतर, २०१४ च्या जानेवारीत, कानपूरच्या सरकारी कारखान्याने बायकांसाठी म्हणून एक हलके रिव्हॉल्व्हर काढले, नाव ‘निर्भीक’. किंमत सव्वा लाखाच्या घरात. पहाटे उसाच्या फडात जाणाऱ्या बाईने सव्वा लाख कोठून आणायचे, हे कोणी सांगितले नाही. ज्याला सगळ्यांत जास्त धोका त्याच्या हाती हे शस्त्र कधीच पडत नाही. ते पडते ज्याच्यापाशी राखण्यासारखे काही आहे त्याच्या हाती. आणि बाईवर हात टाकणारा पुष्कळदा ओळखीचा, कधी घरातलाच असतो. त्याच्यासाठी पिस्तूल उशाशी घेऊन निजायचे काय?

पण शस्त्राची निंदा करून मोकळे होणे मराठी माणसाला शोभणार नाही, आणि मला ते पटतही नाही. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून आलेली वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली होती. ती अफझलखानाच्या भेटीतलीच आहेत याची खात्री खुद्द त्या लंडनच्या संग्रहालयानेही दिलेली नाही. तरी माणसांची रीघ लागली. मीही मुलांना घेऊन गेलो. काचेपुढे उभी राहून सहावीतली एक मुलगी म्हणाली, “सर, भेटीला जाताना शस्त्र लपवून नेणं चांगलं असतं का?”

मी तिला जे सांगितले ते असे. खान कोण आहे हे महाराजांना ठाऊक होते. भेटीला बोलावून शिऱ्याच्या कस्तुरीरंग राजाला त्याने मारल्याची हकीकत सर्वांना माहीत होती. दिवस ठरलेला होता, १० नोव्हेंबर १६५९. जागा ठरलेली होती, दोन्हीकडचे रक्षकही ठरलेले होते. महाराजांनी आधी अंगरख्याखाली चिलखत घातले, मंदिलाखाली शिरस्त्राण घातले, आणि मग नखे घेतली. खानाने कवटाळून पहिला वार केला, तो चिलखतावर बसला. त्यानंतर नखे चालली. म्हणजे आधी चिलखत, मग वार झेलणे, आणि शस्त्र सर्वांत शेवटी.

मुलीचे समाधान झाले. माझ्या मनात मात्र अण्णा होता. त्याच्या रस्त्यावर कोणाच्या कपाळावर खान असे लिहिलेले नाही. दिवस ठरलेला नाही, जागा ठरलेली नाही. हात करून उभा राहणारा प्रत्येक जण खान असू शकतो, आणि प्रत्येक जण तापाने फणफणलेल्या पोराला घेऊन निघालेला बापही असू शकतो. महाराजांनी एका माणसासाठी शस्त्र नेले. अण्णाला ते सगळ्या जगासाठी न्यावे लागणार.

म्हणून माझे मत असे झाले, आणि ते मी अण्णाला सांगितलेही. परवाना मिळाला तर घ्या. ज्याच्या डोक्यात गज बसला आहे त्याला नको म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण ते कमरेला लावल्या दिवसापासून तुम्हाला रागावण्याचा हक्क नाही. बाजारात कोणी शिवी दिली तर ती गिळा. भावकीत बांधावरून वाद निघाला तर चार ओंजळी माती सोडून द्या. रस्त्यात कोणी गाडी घासली तर चूक त्याची असली तरी तुम्हीच पुढे व्हा, हात जोडा आणि निघा. निःशस्त्र माणसाला भांडायची मुभा असते, कारण त्याचे भांडण फार तर गुद्द्यावर येते. तुमचे गुद्द्यावर थांबेल याची हमी कोण देणार? एरवीच्या माणसाने जेवढे सोसायचे त्याच्या दुप्पट तुम्ही सोसले पाहिजे.

अण्णा हसून म्हणाला, “मास्तर, म्हणजे पिस्तूल घेऊन संतच व्हायचं म्हणा की!”

मी म्हटले, “होता येत असेल तर घ्या.”

१९४८ च्या जानेवारीत प्रार्थनासभेजवळ बाँब फुटल्यानंतर येणाऱ्या माणसांची झडती घ्यावी असे सरदार पटेलांच्या मनात होते. गांधीजींनी ते मानले नाही. पुढच्या दहा दिवसांत काय झाले ते आपण जाणतो. तेवढे धैर्य मी अण्णापाशी मागत नाही, माझ्यापाशीही ते नाही. रात्री दार वाजले तर मीसुद्धा आधी कोण आहे ते विचारतो आणि कोयंडा चाचपतो. पण झडती घेतलेल्या माणसांबरोबर प्रार्थना कशी करायची, हा गांधीजींचा पेच आणि गाडी कशी थांबवायची, हा अण्णाचा पेच, यांत मला फार अंतर दिसत नाही. खिशातल्या पिस्तुलावर हात ठेवून दुसऱ्या हाताने दार उघडून दिले, तर आत बसणाऱ्याला आपण काय दिले?

सहा-सात महिन्यांनी परवाना मिळाला. शस्त्र हाताळण्याच्या शिक्षणाचा दाखला आणून, बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर घेऊन अण्णा घरी आला. वहिनींनी ते लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात ठेवायला लावले आणि किल्ली स्वतःच्या कनवटीला लावली. बाजारच्या दिवशी सकाळी त्या ते काढून देत, रात्री परत घेत. आळीतली माणसे अण्णाशी पूर्वीसारखीच बोलत. फक्त पत्त्यांच्या डावात त्याच्या चुकीवर कोणी ओरडेनासे झाले. हे त्याच्या ध्यानात आले की नाही, कोण जाणे.

२०२४ च्या ऑक्टोबरात विधानसभेची निवडणूक जाहीर झाली आणि परवान्याची हत्यारे ठाण्यात जमा करण्याचा हुकूम आला. अण्णानेही जमा केले. दिवाळी मध्येच आली. फराळाला गेलो तेव्हा मी विचारले, “मग आता बाजार कसे करता?”

“करतो की,” तो म्हणाला. “पण मास्तर, खरं सांगू? गज बसल्यानंतर वर्षभर मी तसाच जात होतो, तेव्हा भीती वाटायची ती त्या वळणापुरती. आता घरापासून वाटते.”

वहिनींनी चकलीची ताटली पुढे केली. मी विचारले, “आणि गाडी? थांबवलीत का कधी, ते जवळ असताना?”

अण्णाने चकलीचा तुकडा मोडला, बराच वेळ हातात धरला. “दोनदा,” तो म्हणाला. “एकदा दोन पोरं होती. बसवून घेतली, गावापर्यंत आणली. चांगली होती पोरं. कॉलेजची होती. पण सबंध रस्ता मी आरशात बघत होतो, आणि ती माझ्या कमरेकडे. उतरल्यावर पळाली ती.”

“आणि दुसऱ्या वेळी?”

“म्हातारी होती एक. तिला काही दिसलं नाही,” अण्णा म्हणाला. “ती बोलत बसली आपली, घर येईपर्यंत.”